चार जुलै, बावीस पाहुणे आणि बाबांचं ओलं फडकं

एप्रिलमधली शुक्रवारची दुपार. ऑफिसात कुणीच काम करत नसतं, सगळे फक्त स्क्रीनकडे बघत बसलेले असतात, त्यातली. तेवढ्यात टीममधला एक जण खुर्ची सरकवत माझ्यापाशी आला आणि त्यानं बॉम्ब टाकला. "यंदा फोर्थ ऑफ जुलैची पार्टी तुझ्या बॅकयार्डमध्ये. आणि बिअर विकतची नको. तू बनवतोस ना घरी?"

बनवतोस? बॉस, मी आयुष्यात एकदा बनवली होती. एकदाच!

आणि त्या एकदाची कथा अशी. न्यू जर्सीत आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात वीकएंडला करायला काही नव्हतं, म्हणून होमब्रूइंगचं किट आणलं. नवशिक्याचा उत्साह! पहिल्याच फटक्यात थेट आयपीए. भरपूर हॉप्स, भरपूर अल्कोहोल, भरपूर कडूपणा. इथल्या मराठी मित्रांना कौतुकानं घरी बोलावलं. पहिल्या घोटानंतर खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. एक जण म्हणाला, "छान आहे रे... कारल्याचा रस घालतात का यात?" तीस बाटल्या उरल्या. शेवटी सिंकमध्ये ओतल्या.

आता इथे यादी बावीस जणांची. ऑफिसातले अमेरिकन, दोन तेलुगू कुटुंबं, एक जर्मन शेजारी, मराठी मंडळाची गँग आणि बिअर अजिबात न आवडणारे तीन-चार. त्यात आणखी एक टेन्शन होतं, जे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. मेमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार होते. तीन महिन्यांसाठी.

टेन्शन कशाचं?

आमच्या घरात दारू हा विनोदाचा विषय कधीच नव्हता. माझा धाकटा काका दारूनं गेला. मी तेव्हा नववीत होतो. बाबा बँकेत होते, रोज संध्याकाळी सहाला घरी, आणि काकाला शोधायला सातला पुन्हा बाहेर. पुढे मी नोकरीला लागलो, टीमबरोबर बाहेर जाऊ लागलो, बिअर घेऊ लागलो. बाबांना ते माहीत होतं. पण त्यांच्यासमोर ग्लास कधी हातात धरला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा करार असतो, हो ना?

मग आता? महिनाभर गेस्ट रूमच्या कपाटात बिअरचं पिंप बुडबुडत असताना काय सांगणार? "बाबा, ते वॉटर प्युरिफायर आहे"?

बायकोनं एका वाक्यात निकाल दिला. "लपवायचं असेल तर करूच नकोस. करायचं असेल तर नीट कर." म्हणजे आता जे काही करायचं ते नीटच होणं भाग होतं.

चार प्रश्न

शनिवारी होमब्रूच्या दुकानात गेलो. काउंटरवर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा असतात. त्यांना म्हटलं, उन्हाळ्यात सगळ्यांना आवडेल अशी बिअर हवी, कोणती बनवू? मला वाटलं, ते शेल्फवरचं एखादं पाकीट काढून देतील. त्याऐवजी त्यांनीच मला चार प्रश्न विचारले.

एक, घरात तापमान किती असतं? दोन, हातात दिवस किती? तीन, येणारी माणसं एरवी काय पितात? चार, खायला काय आहे?

मंडळी, हे चार प्रश्न लिहून ठेवा. बिअर कोणती "भारी" हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमचं घर, तुमचं कॅलेंडर आणि तुमची माणसं यांच्यात बसते ती बिअर भारी.

माझी उत्तरं अशी होती. एसी लावून घर तेवीस-चोवीस अंश सेल्सियस, दुसरा फ्रिज नाही. हातात साधारण दहा आठवडे, पण त्यात ऑफिसची एक मोठी डेडलाइन. माणसं बहुतेक लाइट लागर पिणारी, आपली मंडळी किंगफिशरच्या चवीवर वाढलेली. आणि खायला बर्गर, भाजलेली कणसं, पनीर टिक्का आणि मिरची लावलेलं चिकन.

या उत्तरांवर एकेक नाव घासून बघितलं.

लागर : सगळ्यांना आवडेल, हे खरं. पण लागरचं यीस्ट साधारण आठ ते तेरा अंशांत काम करतं आणि त्यानंतर बिअर काही आठवडे शून्याच्या जवळपास ठेवावी लागते. दुसरा फ्रिज नसेल तर विसरा.

हेफेवायझन : गव्हाची जर्मन बिअर. ढगाळ, फेसाळ, उन्हाळ्यात मस्त. पण तिचं यीस्टच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं आणि खोली गरम असेल तर केळं जास्तच बोलू लागतं. ज्यांना आवडते ते जीव टाकतात. ज्यांना नाही ते म्हणतात, "बिअर आहे की शिकरण?" बावीस जणांत ही रिस्क नको.

कोल्श : जर्मनीतल्या कोलोन शहराची शान. हलकी, स्वच्छ, दोनशे मिलीच्या सडपातळ ग्लासात देतात. युरोपीय संघात १९९७पासून या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. पण तिलाही थंड आंबवणं आणि नंतर थंडीत विश्रांती लागते. शिवाय पार्टीला जर्मन शेजारी येणार होता. त्याच्यासमोर परीक्षा कोण देणार?

विटबिअर : बेल्जियमची गव्हाची बिअर. ही शैली जवळजवळ संपली होती. १९६६मध्ये पिएर सेलिस यांनी हूगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. यात संत्र्याची साल आणि चक्क आपले धने घालतात! मोह झाला. पण मसाल्याचं प्रमाण चुकलं तर बिअरची आमटी होते. दुसऱ्याच बॅचला हा प्रयोग नको, असं आजोबाही म्हणाले.

सेझों : हिचं यीस्ट गरमीला घाबरत नाही, उलट खुलतं. पण चव कोरडी, मिरमिरीत, थोडी रानटी. शौकिनांसाठी ठीक, गर्दीसाठी नाही.

आणि ब्लाँड एल : आजोबांनी शेवटी हे नाव उच्चारलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं. एवढी साधी? ते हसले. साधी बिअर बनवणं सोपं, म्हणाले, पण तिच्यात चूक लपत नाही.

साधी म्हणजे काय ते आकड्यांत बघा. बिअरचा कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात. अमेरिकन आयपीए साधारण चाळीस ते सत्तर, तर ब्लाँड एल पंधरा ते अठ्ठावीस. अल्कोहोल चार ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास. रंग फिकट सोनेरी. यीस्ट वीस अंशांवर खूश. पाच आठवड्यांत पिण्याजोगी. आणि मुख्य म्हणजे तिखट खाण्याबरोबर चालते. जास्त कडूपणा आणि जास्त अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात. माझ्या आयपीएबरोबर मी त्या दिवशी मिसळ ठेवली होती. आता कळलं ना, मित्र का गप्प बसले?

ही कुणाची सगळ्यात आवडती बिअर नसेल, पण कुणाला नकोशी होणार नाही. गर्दीसाठी निवडताना हाच नियम.

काय काय लागलं?

एकोणीस लिटरसाठी, म्हणजे इथल्या पाच गॅलनसाठी, माझी रेसिपी ही. बार्लीच्या फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर सव्वादोन किलो. हलकं क्रिस्टल माल्ट सव्वादोनशे ग्रॅम. हॉप्स म्हणून विलामेट अठ्ठावीस ग्रॅम, साठ मिनिटं उकळायला, आणि कॅस्केड चौदा ग्रॅम, शेवटच्या पाच मिनिटांत, फक्त वासासाठी. यीस्ट म्हणून यूएस-०५चं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. नाचणीचं सत्त्व करतो त्याचीच लांबची बहीण समजा. एक्स्ट्रॅक्ट वापरलं की धान्य भिजवून, गाळून त्यातली साखर काढायचं काम वाचतं. नवशिक्यानं लाजू नये, खुशाल वापरावं.

एक छोटी युक्ती. सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला घालू नका. अर्धं सुरुवातीला, अर्धं शेवटच्या पंधरा मिनिटांत. सगळं तासभर उकळलं तर रंग गडद होतो आणि सोनेरीऐवजी चहा दिसतो.

मेमोरियल डेचा रविवार

आई-बाबा येऊन दहा दिवस झाले होते. मेच्या शेवटच्या वीकएंडला सकाळी चहा पिताना मी सांगून टाकलं. "बाबा, आज बिअर बनवणार आहे. घरी. इथे कायदेशीर आहे."

आणि ते खरंच आहे. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय परवानगी १९७८मध्ये मिळाली, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. फक्त स्वतःसाठी, विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे, मिसिसिपी आणि अलाबामानं तर २०१३मध्ये होकार दिला.

हे सगळं मी एका दमात बोललो. बाबांनी कप खाली ठेवला, बूट घातले आणि फिरायला निघून गेले.

आई मात्र किचनमध्येच राहिली. मी बादली, झारा, नळी सगळं जंतुनाशकात बुडवत होतो ते बघून म्हणाली, "लोणच्याच्या बरणीसारखंच की! ओला चमचा घातला की बुरशी." अगदी बरोबर. होमब्रूइंगमध्ये बिघडलेल्या बऱ्याच बिअरचं कारण हेच, ओला चमचा. उकळणं संपल्यानंतर जे जे बिअरला लागेल ते ते निर्जंतुक हवं. हा एक नियम पाळलात तर अर्धी लढाई जिंकलात.

गोड काढा तासभर उकळला, बर्फाच्या पाण्यात गार केला, आधीच उकळून फ्रिजमध्ये ठेवलेलं पाणी घातलं, पंचवीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या बादलीत ओतला, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. बादली गेली गेस्ट रूमच्या कपाटात. घरातली सगळ्यात गार जागा तीच.

बाबा दोन तासांनी परतले. काही बोलले नाहीत.

माठाचं गणित

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. बादलीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी सव्वीस अंश दाखवत होती. खोली तेवीस, मग बिअर सव्वीस कशी? कारण यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. आतली बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम राहते. नवशिके हे विसरतात. आणि पहिले तीन दिवसच महत्त्वाचे, चव तेव्हाच ठरते. फार गरम झालं तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरणारी बिअर.

मी कपाटासमोर उकिडवा बसून फोनवर उपाय शोधत होतो. मागून आवाज आला. "काय झालं?"

मी सांगितलं. बाबांनी पट्टीकडे बघितलं, बादलीला हात लावून बघितला. मग म्हणाले, "अरे, माठाला काय करतो आपण?"

पाच मिनिटांत बादली बाथटबमध्ये. टबात वीतभर पाणी. बादलीभोवती माझा जुना सुती टी-शर्ट, खालची कड पाण्यात. समोर टेबल फॅन. पाणी टी-शर्टमधून वर चढतं, वाऱ्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. सांगलीच्या उन्हाळ्यात माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं, तेच शास्त्र. न्यू जर्सीची हवा दमट, म्हणून सोबत पाण्यात बर्फाच्या दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. रात्री पट्टी वीसवर आली.

त्या रात्री मला जाग आली तर बाथरूममध्ये दिवा. बाबा बर्फाची बाटली बदलत होते. शेजारी एक छोटी वही. बँकेतलं वळणदार अक्षर. तारीख, वेळ, तापमान. रकाने आखलेले.

"तू ऑफिसला गेल्यावर कोण बघणार?" एवढंच म्हणाले.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर १.०४५वरून १.०१०वर आलं. म्हणजे साधारण ४.६ टक्के अल्कोहोल. बाबांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "काका प्यायचा ती किती टक्के असायची?" मी म्हटलं, "देशी... चाळीसच्या आसपास असेल." त्यांनी मान हलवली. आमच्यात काकाचा विषय निघाला तो कित्येक वर्षांनी.

मग बाटल्या. एकशे पंधरा ग्रॅम कॉर्न शुगर उकळून सगळ्या बिअरमध्ये मिसळायची. बाटलीत उरलेलं यीस्ट ती खाऊन फेस तयार करतं. इथे अंदाजपंचे करू नका, वजन करा. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. आणि बाटल्या तपकिरीच घ्या. हॉप्सवर ऊन पडलं की बिअरला घाणेरडा वास येतो. अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये.

चार जुलै

ऊन रणरणत होतं. बर्फाचं टब, ग्रिलवर कणसं. मी पहिली बाटली उघडली तेव्हा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू? "फिस्स..." सोनेरी रंग, पांढरा फेस.

ऑफिसातल्याला आवडली. किंगफिशरवाल्यांनी दुसरी मागितली, म्हणजे पास! जर्मन शेजारी म्हणाला, "कोल्श नाही, पण घरची आठवण आली." एक आयपीएप्रेमी मात्र म्हणाला, "जरा साधी आहे." म्हटलं, तुझ्यासाठी सिंक आहे. बिअर न आवडणाऱ्यांना अर्धी बिअर, अर्धं लेमन सोडा अशी शँडी करून दिली. त्यांनी सगळ्यात जास्त संपवली.

आणि बाबा? बाबा टबाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याला बाटली काढून देत होते आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावत होते, तळाचा गाळ ग्लासात पडू देऊ नका, हळू ओता. संध्याकाळी माझा एक मित्र चौथ्या बाटलीला आला. बाबांनी हात टबावर ठेवला.

"गाडी कोण चालवणार?"

तो हसला. "काका, बिअरच तर आहे."

"चावी दे." बाबा हसले नाहीत. मित्रानं मुकाट्यानं चावी दिली. त्या रात्री तो आमच्या सोफ्यावर झोपला. बाबांच्या खिशात शेवटी तीन चाव्या होत्या.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो. आकाशात फटाके चालू होते. पाच बाटल्या उरल्या होत्या. बाबा म्हणाले, "फुलपात्रात ओत थोडी." मी बघतच राहिलो. दोन घोट असतील. त्यांनी वास घेतला, चव घेतली. "ताकाची सर नाही. पण वाईट नाही." मग मी माझ्या ग्लासात ओतली. त्यांच्यासमोर. आयुष्यात पहिल्यांदा.

संपल्यावर म्हणाले, "दुसरी उघडू नकोस." नाही उघडली.

पुण्या-मुंबईच्या दोस्तांनो...

हे वाचून लगेच बादली आणायला पळू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९चा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ती बिअर का असेना. पण निवडण्याची अक्कल कुठेही वापरता येते. पुण्यात डूलालीनं २००९मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि त्यानंतर शहरात ताज्या बिअरची चांगलीच चलती झाली. पुढच्या टीम पार्टीला ऑर्डर द्यायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर मेन्यूतलं सगळ्यात विचित्र नाव शोधू नका. कडूपणा पंधरा ते पंचवीस, अल्कोहोल पाचच्या आत, रंग फिकट. ब्लाँड असेल तर ब्लाँड, नाहीतर विट. आणि तिखट स्टार्टरबरोबर आयपीए मागवणाऱ्याला प्रेमानं थांबवा. शिवाय चाव्या गोळा करणारा एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

ऑगस्टमध्ये आई-बाबा परत गेले. एअरपोर्टवर बाबांनी ती वही माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली. रकाने, तापमानं, तारखा. शेवटच्या पानावर एकच ओळ :

"पुढच्या वेळी धने घालून बघ. पंधरा ग्रॅम. सांगलीहून आणतो."

तर ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात विटबिअर. चिअर्स!